मदत हवी आहे: पणजोबांची निजामाच्या रेल्वेतली नोकरी (जालना) कशी शोधायची?

धागाकर्ता: पणजोबा जालना स्टेशनात सांधेवाले (रुळांचे सांधे बदलणारे) होते, पोलीस अ‍ॅक्शनच्या (1948) सुमारास निवृत्त झाले, एवढंच घरात ठाऊक आहे. हाती दोन वस्तू आहेत. एक पितळी बिल्ला, त्यावर इंग्रजीत एन. जी. एस. आर. (निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे) आणि खाली नंबर. दुसरा घराच्या जागेचा उर्दू बैनामा, म्हणजे खरेदीखत. त्यात 'वल्द' (मुलगा) पुढे त्यांच्या वडिलांचं नाव, 'मुलाजिम रेल्वे' (रेल्वेचा नोकर), आणि तारीख 15 खुर्दाद. साल 1331 की 1341 फसली ते कळत नाही, मधला आकडा शाईने फुटलाय. नोकरीची सुरुवात, हुद्दा आणि बदल्या शोधायच्या आहेत. जुन्या वर्तमानपत्रांत काही मिळेल का?

जुनंदफ्तर: आधी साल लावून घ्या. हैदराबाद संस्थानाच्या कारभारातलं फसली वर्ष 1 आजूरला, म्हणजे 6 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना 590 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्यांना 591. खुर्दाद एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणून तुमचा बैनामा एप्रिल 1922 चा किंवा एप्रिल 1932 चा. सरसकट 590 मिळवले की वर्ष चुकतं आणि माणूस भलत्याच रजिस्टरात शोधत बसतो.

बिल्ला फार मोलाचा आहे. त्यातला 'जी' म्हणजे गॅरंटीड. 1 एप्रिल 1930 ला निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली आणि नावातला गॅरंटीड गेला. म्हणजे पणजोबा त्याआधीच नोकरीत असण्याची शक्यता दाट आहे. बैनाम्याचं साल मात्र बिल्ल्यावरून ठरवू नका, बिल्ला पुढेही वापरात राहू शकतो. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्या. नावावरून सूची 1, मिळकतीवरून सूची 2, आणि दोन्ही सालं तपासा. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधीचं जिल्ह्याचं दफ्तर औरंगाबादच्या नावाने लागलेलं असतं, ते विचारायला विसरू नका.

बैनामा वाचून घ्यायला नुसतं उर्दू येणारा पुरत नाही. रकमा बऱ्याचदा सियाक आकड्यांत (जुन्या हिशेबी खुणांत) असतात, ते जाणणाराच लागतो. रुपये हाली (निजामाचे) की कलदार (ब्रिटिशांचे) तेही पाहा: 7 हाली म्हणजे साधारण 6 कलदार. 21 हाली वाचलंत तर हिशेबात 18 धरा. नावांचंही तसंच. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे 'विठ्ठल'चं 'वठल' होतं. आडनाव बहुधा नसतंच. ओळख पटते ती वल्द आणि साकिन (राहण्याचं गाव) यांवरून.

रूळवाट: रेल्वेच्या कागदांबद्दल. ही लाइन 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत गेली, 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वेत आली, नांदेड विभाग 2003 चा. म्हणून मध्य रेल्वेच्या मुंबई मुख्यालयाला अर्ज केलात तर महिना वाया जाईल. माहिती अधिकाराचा अर्ज नांदेड विभागाच्या कार्मिक शाखेला करा, दुसरा सिकंदराबाद मुख्यालयाला. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, स्टेशन, बिल्ल्याचा नंबर आणि 1915 ते 1950 असा सैल कालखंड द्या. मागायचं ते असं: सेवापुस्तक किंवा भविष्य निर्वाह निधीच्या खात्याची प्रत, आणि कागद नष्ट केला असल्यास तो नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत. हे शेवटचं वाक्य नसलं की 'आढळून येत नाही' एवढ्यावर अर्ज निकाली निघतो. पेन्शनचे कागद मागू नका. रेल्वेत पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1957 पासूनची, तुमचे पणजोबा त्याआधीचे.

धागाकर्ता: मनापासून आभार दोघांचे. वर्तमानपत्रांचं काय?

जुनंदफ्तर: सांधेवाल्याची बदली कुणी छापत नसे. निजाम सरकारच्या जरीद्यात, म्हणजे गॅझेटात, नेमणुका यायच्या त्या वरच्या हुद्द्यांच्या. म्हणून नाव शोधू नका, घटना शोधा: जालन्याजवळ गाडी घसरली, पुरात रूळ वाहून गेला. उर्दूत 'रहबर-ए-दक्कन', मराठीत हैदराबादचं 'निजाम विजय'. उर्दू छपाईवर संगणकाचा शोध भरवशाचा नाही, पानं डोळ्यांनीच पाहावी लागतात. घटनेनंतरचे निदान दहा दिवसांचे अंक चाळा, कारण कामावर कोण होतं ते चौकशीच्या बातमीत येतं.

त्याआधी एक सोपं काम उरका. पणजोबांची मुलं ज्या शाळेत होती, तिथलं प्रवेश-निर्गम रजिस्टर पाहा. पालकाचा धंदा, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याची तारीख मिळाली तर बदली कुठून कुठे झाली त्याचा माग लागतो. मुलाने वर्षाच्या मध्येच शाळा सोडलेली दिसली, तर लाइनवरच्या पुढच्या स्टेशनांच्या गावातलं रजिस्टर उघडा: परतूर, सेलू, परभणी, पूर्णा.

रूळवाट: बिल्ल्याला ब्रासो लावू नका. घासून नंबर पुसट होतो. तिरप्या उजेडात फोटो काढा आणि इथे टाका, आकडे मिळून वाचू.