मुलीचा जीपीए प्रत्येक ठिकाणी वेगळा येतोय, अर्जात कोणता धरायचा? (नववी पुण्यात, पुढचं शिक्षण कॅलिफोर्नियात)

अंगणवेल

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून सॅन होजेजवळ राहायला आलो. लेकीची नववी पुण्यात झाली, स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम. इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये ती दहावीत दाखल झाली आणि या ऑगस्टमध्ये बारावी सुरू झाली. अर्ज तोंडावर आलेत आणि मी जीपीएच्या (ग्रेडच्या सरासरीच्या) आकड्यांत पार अडकून गेले आहे. आपल्याकडे टक्के म्हणजे टक्के, गुणपत्रिकेवर छापलेले. इथे जो तो वेगळा आकडा सांगतो.

शाळेच्या पोर्टलवर दोन आकडे दिसतात: अनवेटेड (साधी सरासरी) ३.७४ आणि वेटेड (अवघड विषयांना वाढीव गुण धरून) ४.०५. एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) म्हणून ४.१३ आला. त्याच कॅल्क्युलेटरवर खाली अजून एक ४.२२ आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की नववीचे ८४ टक्के भागिले २५ केले की ३.३६ येतात, तेही सरासरीत मिसळायला हवेत. तसं केलं तर सगळंच खाली येतं. शाळेने नववीच्या विषयांसमोर नुसतं 'पी' (पास) लिहून क्रेडिट दिलंय, ग्रेड नाही.

तिचे ग्रेड देते, दोन्ही सेमिस्टरचे. दहावी: इंग्रजी ए मायनस व बी प्लस, वर्ल्ड हिस्ट्री बी व ए मायनस, केमिस्ट्री दोन्ही ए मायनस, अल्जेब्रा २ ऑनर्स दोन्ही ए, स्पॅनिश १ दोन्ही ए मायनस, पीई (शारीरिक शिक्षण) दोन्ही ए. अकरावी (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय): एपी इंग्लिश लँग्वेज बी प्लस व ए मायनस, एपी यूएस हिस्ट्री बी व बी प्लस, एपी बायॉलॉजी दोन्ही ए मायनस, प्रीकॅल्क्युलस ऑनर्स, स्पॅनिश २, एपी कॉम्प्युटर सायन्स आणि पीई या सगळ्यांत दोन्ही ए.

यूसीच्या अर्जात यातला कोणता आकडा लिहायचा? दुसऱ्या राज्यांतल्या तीन-चार कॉलेजांना कॉमन ॲपवरून (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) अर्ज करणार आहे, तिथे कोणता? आणि नववीचं नेमकं काय करायचं?

परवा रात्री ती मला म्हणाली, "आई, त्या मुलाचा ४.५ आहे, मग मी मागे पडले का गं?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारते आहे.

ओसरी

अंगणवेल ताई, आमच्या दोन्ही मुलांचे अर्ज याच रस्त्याने गेले, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मनावरचं ओझं उतरवा: यूसीच्या अर्जात जीपीए लिहायचा रकानाच नाही. मुलीने विषय आणि ग्रेड भरायचे, गणित ते करतात. त्यामुळे कोणता आकडा 'लिहायचा' हा प्रश्न तिथे उरत नाही. ग्रेड मात्र ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं अधिकृत गुणपत्रक) समोर ठेवून अक्षर न अक्षर बरोबर भरायचे. अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट मागत नाहीत, पण प्रवेश मिळाल्यावर जुलैपर्यंत अधिकृत प्रत पाठवावी लागते, आणि तेव्हा फरक निघाला तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

आता एकाच मुलीचे एवढे आकडे कसे होतात ते तिच्याच ग्रेडवर पाहू.

तुमच्या शाळेचा ३.७४ असा आलाय: ए ला ४, ए मायनसला ३.७, बी प्लसला ३.३, बी ला ३. पीई धरून एकूण २६ सेमिस्टर-ग्रेड, बेरीज ९७.२, भागिले २६. वेटेड करताना शाळेने फक्त एपीला प्रत्येकी एक गुण जास्त दिलेला दिसतो. एपीच्या आठ सेमिस्टर आहेत, म्हणून १०५.२ भागिले २६, म्हणजे ४.०५. ऑनर्सला तुमच्या शाळेत वाढीव काही नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये ऑनर्सलाही अर्धा किंवा पूर्ण गुण जास्त असू शकतो. हे ज्याचं त्याचं धोरण आहे, देशभर एक नियम असा नाहीच.

यूसीची रीत वेगळी. ते फक्त ए-जी यादीतले (यूसीने प्रवेशासाठी मान्य केलेले) विषय धरतात, म्हणून पीईच्या चारही ग्रेड बाहेर. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड मोजतात. आणि प्लस-मायनस ओळखत नाहीत: ए मायनस म्हणजे पूर्ण ४, बी प्लस म्हणजे ३. तुमच्या लेकीचे उरलेले २२ ग्रेड पाहा, १७ ए आणि ५ बी. ६८ अधिक १५ म्हणजे ८३, भागिले २२, ३.७७. तिच्या नऊ ए मायनसचा इथे फायदाच झाला.

आता वाढीव गुण. एपी, आयबी, कम्युनिटी कॉलेजचे यूसीला चालणारे कोर्स आणि यूसीने स्वतः मान्य केलेले ऑनर्स, यांत सी किंवा त्यावर असेल तर एक गुण जास्त. पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, आणि त्यातही दहावीच्या चारपेक्षा जास्त नाही. तिच्या एपीच्याच आठ झाल्या. ८३ अधिक ८, ९१ भागिले २२ म्हणजे ४.१३. हाच तो 'कॅप्ड' म्हणजे मर्यादा लावलेला आकडा, आणि यूसीच्या किमान पात्रतेसाठी हाच धरतात: कॅलिफोर्नियातल्या मुलांना ३.०, बाहेरच्यांना ३.४. मर्यादा न लावता मोजलं तर ४.२२ येतो, कारण प्रीकॅल्क्युलस ऑनर्सच्या दोन सेमिस्टरही मिळतात. म्हणजे कॅल्क्युलेटरने अल्जेब्रा २ ऑनर्स धरलं नाही. शाळेने 'ऑनर्स' म्हटलं तरी यूसीच्या यादीत तो विषय ऑनर्स म्हणून नोंदलेला नसेल तर वाढीव गुण नाही. यूसीची ए-जी कोर्सयादी ऑनलाइन आहे, शाळेचं नाव टाकून एकदा स्वतः तपासाच.

आणि तो ४.५ वाला मुलगा. त्याच्या शाळेत ऑनर्सला पूर्ण गुण मिळत असेल, किंवा सगळं एपीच घेतलं असेल, किंवा तो यूसीचा आकडाच नसेल. दोन शाळांचे वेटेड जीपीए शेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. लेकीला हे बेरजेचं गणित बसून दाखवा. तिला पटेल.

टेक्सासवासी

ओसरी यांनी कॅलिफोर्निया नीट सांगितलंय. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी एक भर: हे सगळं राज्यागणिक बदलतं. इथे टेक्सासात जीपीएपेक्षा वर्गातला क्रमांक जास्त महत्त्वाचा. १९९७ च्या कायद्याने वरच्या १० टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या यूटीत (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) गर्दी इतकी झाली की तिथे ही रेषा वर सरकत गेली, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ती ५ टक्क्यांवर आली आहे. इथे आमच्या डिस्ट्रिक्टला जीपीए दशांश तीन-चार स्थळांपर्यंत काढतात आणि मुलं एका शतांशासाठी जिवाचं रान करतात. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलांची आधीची वर्षं क्रमांकात धरायची की नाही हे डिस्ट्रिक्टच्या लेखी नियमात असतं. टेक्सासला येणाऱ्यांनी प्रवेश घेतानाच तो नियम मागून घ्यावा, आम्ही उशिरा विचारलं.

पिंपळपान

काकू, मी स्वतः आत्ता यूसीत दुसऱ्या वर्षाला आहे. माझीही आठवी-नववी नाशिकला झाली होती. नववीचं सांगतो.

यूसीच्या अर्जात नववीची शाळा वेगळी टाकायची, देश भारत. गुणपत्रकावर जे आहे तेच, जसंच्या तसं भरायचं, टक्के असतील तर टक्के. चारच्या मापात बदलून भरायचं नाही, अर्जातच तसं स्पष्ट सांगितलेलं असतं. तिकडची गुणपद्धत वाचायची त्यांना सवय आहे. नववीचे गुण यूसीच्या जीपीएत मोजतच नाहीत, पण विषय पूर्ण झाले की नाही हे बघायला आणि एकंदर अर्ज वाचताना दिसतात. त्यामुळे ८४ वाईट बिलकूल नाहीत.

ते २५ ने भागणं तर कुठेच करू नका. इथे ९० च्या वर ए असतो आणि शिक्षक गृहपाठाचे, प्रोजेक्टचे सगळे मार्क मिळवून तिथवर पोचवतात. स्टेट बोर्डाच्या शाळेत ८४ मिळवणारा मुलगा वर्गात वरच्या रांगेत असतो. त्याला ३.३६ म्हणजे साधारण बी प्लस ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अजून एक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यूसीला भूमितीचा अभ्यासक्रम हवाच असतो, आणि तुमच्या मुलीने इथे एकदम अल्जेब्रा २ घेतलंय. आपल्याकडे नववीला गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती असतं. शाळेने नववीचं 'पी' क्रेडिट देताना ते नुसतं 'गणित' म्हणून टाकलंय की भूमितीही त्यात नोंदलीय, हे काउन्सेलरला लगेच विचारा. माझ्या बाबतीत ते नुसतं 'मॅथ' होतं आणि बारावीच्या डिसेंबरात धावपळ झाली.

ओसरी

पिंपळपान, भूमितीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ताई, हे पहिलं करा, बाकी सगळं नंतर.

कॉमन ॲपचं राहिलं होतं. तिथे जीपीएचा रकाना आहे, आणि माप किती व वेटेड की अनवेटेड तेही विचारतात. तिथे शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर छापलेला आकडाच लिहायचा, ३.७४ किंवा ४.०५, आणि त्याप्रमाणे वेटेड-अनवेटेड निवडायचं. आपण काढलेला यूसीचा ४.१३ तिथे लिहिला तर तो ट्रान्सक्रिप्टशी जुळणार नाही आणि विनाकारण शंका येईल. काउन्सेलर ट्रान्सक्रिप्टसोबत 'स्कूल प्रोफाइल' पाठवतात. त्यात शाळेत किती एपी उपलब्ध आहेत, वाढीव गुण कशाला देतात, क्रमांक देतात की नाही हे सगळं असतं. अर्ज वाचणारा ते बघूनच आकडा वाचतो. बरीच कॉलेजं पीईसारखे विषय वगळून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. त्या प्रोफाइलची प्रत शाळेच्या वेबसाइटवर असते, नक्की वाचा. आम्हाला दुसऱ्या मुलाच्या वेळी कळलं की असं काही असतं.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही दोघी ट्रान्सक्रिप्ट, कागद आणि पेन्सिल घेऊन बसलो. १७ ए आणि ५ बी तिने स्वतः मोजले. ९१ भागिले २२ करून ४.१३ आल्यावर म्हणाली, "म्हणजे आई, माझा आकडा चुकीचा नव्हता, प्रत्येक जण वेगळं मोजत होता." चेहरा बघण्यासारखा होता.

यूसीची यादी तपासली. ओसरी ताई म्हणाल्या तसंच आहे, प्रीकॅल्क्युलस ऑनर्सची नोंद आहे, अल्जेब्रा २ ऑनर्सची नाही.

आज सकाळी काउन्सेलरना भेटले. नववीचं क्रेडिट खरंच नुसतं 'मॅथ' म्हणून टाकलेलं निघालं. प्रवेशाच्या वेळी आम्ही दिलेल्या गुणपत्रकावर गणिताचे दोन भाग वेगळे दिसत नव्हते, एकत्र १०० पैकी गुण होते. भाग २ म्हणजे भूमिती हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी अभ्यासक्रमाचा पुरावा मागितलाय: दोन्ही भागांचे गुण वेगळे दाखवणारं शाळेचं पत्र, आणि गणित भाग २ च्या पुस्तकाची अनुक्रमणिका. पत्र मिळालं तर त्या नोंद दुरुस्त करतील. नाही मिळालं तर या सेमिस्टरला ऑनलाइन भूमिती घ्यावी लागेल, त्याचीही शेवटची तारीख त्यांनी लिहून दिली, १२ सप्टेंबर.

पिंपळपान, बाळा, तू लिहिलं नसतंस तर हे डिसेंबरातच कळलं असतं.

कोणाकडे महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या इंग्रजी माध्यमाच्या गणित भाग २ च्या पुस्तकाची पीडीएफ असेल तर कृपया इथे सांगा.

पिंपळपान

काकू, बालभारतीच्या वेबसाइटवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. इयत्ता नववी, इंग्रजी माध्यम निवडा. अनुक्रमणिकेची पानं रंगीत छापून न्या, मुखपृष्ठासकट.

अंगणवेल

मिळाली. पहिलंच प्रकरण भूमितीतल्या मूलभूत संबोधांचं आहे, मग समांतर रेषा, त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. काउन्सेलरना आणखी काही समजावून सांगावं लागेल असं वाटत नाही. पुण्यात माझी भावजय सोमवारी शाळेत जाऊन पत्र आणते आहे. हाती आलं की इथे कळवते.