अमेरिका ४ टक्के, फ्रान्स ७.४: बेरोजगारीची ही तुलना टिकते का?

रोखठोक:
२०२४ चे सरासरी दर घ्या. जपान अडीच, जर्मनी साडेतीनच्या आसपास, अमेरिका ४, फ्रान्स ७.४, स्पेन ११.४. व्याख्या सगळीकडे जवळपास एकच, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची: आठवड्यात एक तासही मोबदल्याचं काम नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं, मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होता येईल. लोकांना काम मिळवून देण्यात अमेरिकी बाजार फ्रान्सपेक्षा सरस आहे, हे आता मान्य करावं.

छेदवाला:
रोखठोक, अंश बघितलात, छेद बघा. छेदात फक्त काम करणारे आणि शोधणारे येतात. शोधणं सोडलेला माणूस अंशातूनही जातो, छेदातूनही, आणि दर खाली येतो. २५ ते ५४ वयोगटात प्रत्यक्ष कामावर किती? अमेरिकेत साधारण ८१ टक्के, फ्रान्समध्ये ८२ च्या वर. सरस कोण?

एप्रिल २०२० आठवा. अमेरिकेचा दर १४ च्या पुढे, जर्मनीचा ४ च्या आसपास. कारखाने दोन्हीकडे बंद. अमेरिकेतल्या मिशिगनमधला कामगार तात्पुरत्या ले-ऑफवर गेला, बेरोजगार मोजला गेला. जर्मनीतल्या बव्हेरियातला 'कुर्झआर्बाइट'वर, म्हणजे नोकरी न जाता कमी तासांच्या कामावर, गेला: बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के सरकारी निधीतून, आणि नोंद 'कामावर'. असे तिथे जवळपास ६० लाख होते.

आकडेमोड:
वाद घाला, पण आकडे एका जातीचे घ्या. सर्वांत जास्त घोळ जर्मनीचा होतो. न्यूर्नबर्गची सरकारी रोजगार संस्था नोंदणीवरून दर काढते, २०२४ मध्ये तो ६ टक्के. तिथे आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणाराही बेरोजगार म्हणून नोंदलेला राहू शकतो. युरोस्टॅटच्या (युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था) पाहणीत तोच माणूस रोजगारात. बातमीत '६' दिसला की तो अमेरिकेच्या ४ शेजारी ठेवू नका.

कॅनडात नुसत्या जाहिराती चाळणं हा शोध धरतात, अमेरिकेत नाही. म्हणून कॅनडा अमेरिकी पद्धतीचा वेगळा, कमी येणारा दरही देतो. ब्रिटनच्या पाहणीला प्रतिसाद इतका घसरला की ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथले आकडे रोखावे लागले. तिथल्या दशांशावर निष्कर्ष काढू नये.

रोखठोक:
नोंदणीचा मुद्दा मान्य, म्हणून तर मी पाहणीचाच दर घेतला. पण छेदवाला, महामारीचं वर्ष २०२४ ला लावू नका. आणि तुमच्या ८२ टक्क्यांतही आठवड्याला एक तास काम करणारा 'कामावर'च धरलाय. अर्धवेळ कामाचं प्रमाण फ्रान्समध्ये जास्त आहे. शिवाय वर्ष उलटूनही काम न मिळालेल्यांचा बेरोजगारांतला वाटा फ्रान्समध्ये अमेरिकेपेक्षा बराच मोठा. नोकरी गेलेल्याला पुढची किती लवकर मिळते, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

छेदवाला:
तो वाटासुद्धा शोधत राहिलेल्यांवरच निघतो ना! अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे. तो संपला की शोधत राहण्याचं एक मोठं कारण संपतं. फ्रान्समध्ये भत्ता जास्त काळ मिळतो आणि त्यासाठी काम शोधणं बंधनकारक, म्हणून माणूस मोजणीत टिकतो. अर्धवेळवाले वगळायचे असतील तर वगळा, पण मग दोन्ही देशांतले वगळा, आणि २५ ते ५४ चे पूर्णवेळ कामगार त्याच वयाच्या एकूण लोकसंख्येने भागून दाखवा.