मदत हवी आहे : ईईजीवरून बेल वाजवण्यासाठी उंबरठा कसा ठरवावा?

मोटर न्यूरॉन आजारामुळे वडिलांचे हात आणि वाचा दोन्ही गेले असून, डोळ्यांच्या खुणांनी ते लवकर थकतात. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात मी दोन इलेक्ट्रोडचे ईईजी (डोक्यावरून मेंदूतील विद्युतलहरी टिपणारे यंत्र) जुळवले आहे. उजवा हात हलवण्याची कल्पना केली, की डोक्याच्या डाव्या बाजूच्या सी३ जागेवरील ८ ते १२ हर्ट्‌झची लय क्षीण होते आणि तेवढ्यावर बेल वाजावी, एवढीच अपेक्षा आहे. वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट गाळला, लॅपटॉप बॅटरीवर चालवला (वीज तशीही टिकत नाही). माझ्या नोंदीत घट स्पष्ट दिसते. वडिलांच्या नोंदीत मात्र ती रोज बदलते. जास्त इलेक्ट्रोड परवडणारे नाहीत आणि मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया नकोच. अशा वेळी रोज विश्रांतीची नोंद घेऊन उंबरठा (लय किती घटली की बेल वाजवायची ती मर्यादा) नव्याने ठरवावा, की सी३ आणि सी४ (उजव्या बाजूची तशीच जागा) यांतील फरकावर आज्ञा बेतावी?