कच्चं मांस खाणाऱ्यांना 'राक्षस' म्हणण्याआधी

अदिसचा मास्तर

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. इथिओपियातले चार जण कच्च्या मांसाचे तुकडे सुरीने कापून खातायत. खाली आमच्याच नातेवाइकांचे शेरे: 'राक्षस आहेत', 'शिजवायची अक्कल नाही'. मी आदिस अबाबात चार वर्षं कॉलेजात शिकवलं, त्या लोकांच्या घरी जेवलो. मला ते फार लागलं.

शिजवायची अक्कल नाही? त्यांच्या 'दोरो वट' या कोंबडीच्या रश्शासाठी ढीगभर कांदा आधी तेल-तूप न घालता कोरडाच परततात, तासन्‌तास, पार गोळा होईपर्यंत. आपल्याकडे एवढा धीर कोण धरतं? कच्चं खातात ते आवडीने, ठरवून.

'क्तफो' म्हणजे चरबी काढलेलं गोमांस सुऱ्याने बारीक कोचून त्यात कोमट मसाला-तूप आणि मितमिता ही जहाल मिरचीपूड मिसळतात. हा मूळचा गुरागे लोकांचा पदार्थ. ते तूप कढवताना त्यात मेथी, हळद आणि तिथली वेलची पडते. शेजारच्या घरातून पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी खिडकीत उभाच राहिलो, इतका तो आपल्या घरातला वाटला. सोबत ताजं पनीरासारखं 'आयिब' आणि 'कोचो' ही भाकरी. कोचो केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेत झाडाच्या आंबवलेल्या गाभ्याची असते. नुसते तुकडे खायचे त्याला म्हणतात 'तेरे सिगा'. खाटकाच्या दुकानातच टेबलं असतात. टांगलेल्या मांसातला कुठला भाग हवा तो बोटाने दाखवायचा.

आणि हेच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी, शिवाय ईस्टरआधी सलग 55 दिवस मांसच काय, दूध, तूप, अंडंही वर्ज्य करतात. श्रावण पाळणाऱ्या घरात तरी हे कळायला हवं. त्या उपासानंतर सगळी माणसं एका ताटाभोवती बसतात आणि पहिला घास दुसऱ्याला भरवतात, त्याला 'गुर्शा' म्हणतात.

आकाशकंदील

मास्तर, शिव्या देणं चूक, मान्य. पण संस्कृती म्हटलं की सगळं पोटात घालायचं का? स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस 1770 च्या सुमारास तिथे होता. जिवंत गाईच्या पुठ्ठ्याचं मांस काढून, कातडं परत बसवून तिला पुढे हाकलल्याचं त्याने लिहून ठेवलंय. मी ते वाचल्यापासून हा विषय निघाला की पोटात ढवळतं. शिवाय युद्धात धूर दिसून शत्रूला पत्ता लागू नये म्हणून ही सवय लागली असं सांगतात. मग ती गरज संपल्यावर कशाला धरून बसायचं?

अदिसचा मास्तर

ब्रूसचं पुस्तक 1790 मध्ये आलं, तेव्हा लंडनमध्येही अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. खरं धरलं तरी अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगावरून आजच्या ताटाला नाव का ठेवायचं? धुराची गोष्ट मीही ऐकलीय, तीही सोळाव्या शतकातल्या लढायांशी जोडून. मी तिला दंतकथाच मानतो. लोक आज खातात ते चवीसाठी आणि सणासाठी.

दवाखाना

मी डॉक्टर आहे, आणि माझा विरोध किळसेतून नाही. गाईच्या कच्च्या मांसातून टीनिया सॅजिनाटा हा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात जातो आणि तिथे कित्येक मीटर वाढतो. इथिओपियात हा आजार इतका जुना आहे की कोसो नावाच्या झाडाची फुलं वाटून, उपाशीपोटी तो कडू काढा ठरावीक काळाने पिण्याची घरोघर पद्धत होती. अम्हारिकमध्ये त्या जंतालाही कोसोच म्हणतात. मास्तर, औषधाचं नाव रोगाला मिळालंय. तुमच्या एवढ्या सुंदर वर्णनात हा काढा पिणारं माणूस कुठे आहे?

आणि हे मी बाहेरून बोलत नाही. आदिस अबाबाजवळच्या बिशोफ्तू गावातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले त्यांचेच लोक या जंतावर संशोधन करत आलेत.

गंगावेस

डॉक्टर, थोडं आपल्या दारातलंही बोला की. आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेतात आणि ग्लासातला फेस निवायच्या आत पितात. माझे आजोबा प्यायचे, मीही पितो. ते कच्चंच. त्याला आम्ही पैलवानी खुराक म्हणतो आणि यांच्या ताटाला राक्षसी. हे मला पटत नाही.

दवाखाना

मलाही पटत नाही. धारोष्ण दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षयही होऊ शकतो. सांधे धरलेले, महिना-महिना ताप न उतरणारे गोठ्यातले लोक मी तपासलेत. तेव्हा दूध उकळूनच प्या, आजोबांचा पूर्ण मान राखून सांगतो. एक चुकीचं आपलं निघालं म्हणून दुसरं बरोबर ठरत नाही.

अदिसचा मास्तर

काढा पिणारं माणूस मी लपवलं नाही, पण लिहिलंही नाही, ते माझं चुकलं. माझ्याच विभागातला एक सहकारी टेबलाच्या खणात जंताच्या गोळ्या ठेवायचा. सणानंतर पंधरा-वीस दिवसांनी पाण्याबरोबर एक गोळी. आपण पित्ताची घेतो तितक्या सहज. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, आज वाटतंय. तरीही माझं म्हणणं तेच: आजारावर बोला, माणसांना राक्षस म्हणू नका. मी स्वतः 'लेब लेब' घ्यायचो, म्हणजे तव्यावर जरासं कोमट केलेलं.

दवाखाना

राक्षस म्हणू नये यात आपलं एकमत आहे. पण लेब लेबचा भरवसा धरू नका. मांस आतपर्यंत 60 अंश तापलं पाहिजे, किंवा उणे 10 अंशांत 10 दिवस गोठवलेलं हवं. आणि दोष एकट्या ताटाचा नाही. या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतूनच गुरांच्या चाऱ्यात जातात, दुसरा रस्ताच नाही. त्यामुळे गावागावात संडास आणि कत्तलखान्यात नीट तपासणी झाली, तर क्तफो न सोडताही जंत कमी होईल. तुमच्या त्या सहकाऱ्याशी अजून बोलणं होत असेल तर त्याला एवढं कळवा की गोळी एकट्याने घेऊन भागत नाही, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घे.