बाळासाठी राजेशाही नाव हवंय, तेही 'पू'वरून! रविवारी बारसं आहे, प्लीज मदत करा

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. बाळ आज नऊ दिवसांचं झालं, रविवारी बारसं, पाळणा आणून झाला, घुगऱ्यांचे हरभरे आणून झाले, नणंदबाई पुण्याहून निघायच्या बेतात आहेत, फक्त नाव तेवढं नाहीये!

आम्हा दोघांनाही नाव भारदस्त हवंय. हाक मारली की वाड्याच्या दिंडी दरवाजातून कोणीतरी येतंय असं वाटलं पाहिजे. पण राजवीर, अधिराज, युवराज, शौर्य कृपया सुचवू नका, आमच्या इंदिरानगरच्या एका सोसायटीतच तीन राजवीर आहेत, संध्याकाळी एकीने गॅलरीतून हाक मारली की तिघं वर बघतात. आणि नणंदबाईंना नेमकं राजवीरच आवडलंय, कानात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे मला जरा धास्तीच आहे.

तर गुरुजींनी सांगितलं हस्त नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर पू. हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ, तेव्हा थोडक्यात वाचलात म्हणाले, ण आलं असतं तर काय केलं असतंत. खरंय, पण मराठीत पू म्हटलं की गळू आठवतं आणि माझा भाऊ अमेरिकेत असतो तो म्हणे ताई स्पेलिंग जपून कर, इकडे पू म्हणजे शी!!

आतापर्यंत काय काय झालं ते सांगते. पुष्कराज सगळ्यांना आवडलं होतं, पण ते रत्नाचं नाव, राजाचं नाही, नुसतं पुष्कर म्हणावं तर नळाचं राज्य द्यूतात घेणारा भाऊ पुष्करच. यांनी पुलकेशी सुचवलं, नर्मदेवर हर्षवर्धनाला अडवणारा चालुक्य राजा, इ.स. 634 च्या ऐहोळेच्या शिलालेखात त्याच्या महाराष्ट्राची 99,000 गावं सांगितलीयत, भारदस्तपणात तर तोड नाही. पण बाळाच्या डोक्यावर सध्या चार केस आहेत आणि यांच्याकडे सगळ्यांना तिशीत टक्कल पडतं, पुढे शाळा-कॉलेजात पोरं काय म्हणतील ते तुम्हीच इमॅजिन करा. पुरु मला फार गोड वाटतं, पण ययातीचं म्हातारपण ज्याने स्वतःवर घेतलं तो पुरु, म्हणून सासूबाईंना नको, लेकराच्या नशिबी कशाला ते.

आणि माझ्या मनातलं म्हणाल तर पुलुमावी. सातवाहन राजा, गौतमीपुत्र सातकर्णीनंतर गादीवर आलेला, पूर्ण नाव वासिष्ठीपुत्र पुलुमावी, म्हणजे राजाच्या नावात आधी आईचं नाव! (नऊ महिने मी वाहिलंय, मला हे आवडणारच.) शिवाय त्याच्या काळातला लेख आपल्या पांडवलेण्यात आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मावी काय, मुलीचं नाव आहे का.

प्रश्न दोन. हे नाव आजच्या मुलाला झेपेल का? आणि अक्षर दीर्घ पू असताना ऱ्हस्व पु चालतो का? आडनाव चार अक्षरी, 'कर'वालं.

प्रतिसाद:
ताई अभिनंदन! ऱ्हस्व-दीर्घाचं एवढं कोणी बघत नाही, आमच्याकडे पण पू आलं होतं आणि पुरुषोत्तम ठेवलं, गुरुजी काही बोलले नाहीत. माझं मत, पत्रिकेत पुलुमावी, हाक मारायला पुरु. आणि एवढी घाई कशाला, बारसं रविवारी करा पण जन्मदाखल्यावर नाव लगेच टाकलंच पाहिजे असं नाही, जन्म नोंदवल्यापासून 12 महिन्यांपर्यंत फी न भरता टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. फक्त एकदा टाकलं की बदलायला त्रास होतो म्हणून स्पेलिंग ठरवूनच जा.
सासूबाईंसाठी एक मुद्दा देतो. 3 नंबरच्या लेण्यातला तो लेख कोणी कोरून घेतलाय? गौतमी बलश्रीने, म्हणजे पुलुमावीच्या आजीने! नातवाच्या राज्याच्या 19 व्या वर्षी. त्यात ती स्वतःला महाराजांची आई आणि महाराजांची आजी म्हणवते. हे सांगून बघा.

धागाकर्ती:
दादा, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या गौतमी म्हणजे आपली गोदावरीच की. आता शनिवारी यांच्याबरोबर लेणी बघायला निघाल्यात, गुडघे दुखतायत तरी पायऱ्या चढणार म्हणे. मी आणि बाळ घरीच. नणंदबाईंना अजून कोणी काही सांगितलेलं नाही, तो फोन यांनी करावा असं मला वाटतं.