लाइटनिंग टॉर्पेडो बोट: टॉर्पेडो बाजूला लटकवू की नाळेत नळी बसवू?

खटपट्या, डोंबिवली
ब्रिटिश नौदलाची १८७६ची टॉर्पेडो बोट 'एचएमएस लाइटनिंग' १:४८ मापात करायला घेतली आहे. मूळ लांबी ८७ फूट, माझ्या टेबलावर ५५ सेंटिमीटर. सांगाडा उभा राहिला आणि तिथेच अडकलोय. एका नकाशात मध्यावर दोन्ही बाजूंना चौकटीत टॉर्पेडो लटकतायत, दुसऱ्यात नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एकच नळी. खरं कोणतं? शिवाय ही बोट लढली कुठे, तेही सापडत नाही. खालच्या पितळी पाटीवर काय लिहू?

जुना विजेवाला
दोन्ही नकाशे खरे आहेत, फरक सालाचा आहे. थॉर्निक्रॉफ्ट या बोटी बांधणाऱ्या कंपनीने लंडनजवळ चिझिकला ही बांधली तेव्हा बाजूच्या चौकटीच होत्या. टॉर्पेडो सोडायचा म्हणजे चौकट पाण्यात उतरवायची, आणि त्यासाठी बोट हळू करायची. आता बघा, रेल्वे इंजिनासारखा बॉयलर, ४६० अश्वशक्ती, साडेअठरा नॉट, हा सगळा खटाटोप वेगासाठी. आणि ऐन वेळी शत्रूच्या तोफांसमोर तोच वेग सोडून द्यायचा! म्हणून १८७९ मध्ये चौकटी काढून नाळेत नळी बसवली आणि जादाचे दोन टॉर्पेडो मध्यावर ढकलगाड्यांवर ठेवले. तुमच्या मॉडेलवर चौकटी आणि नळी दोन्ही आली, तर जाणकार हसतील.

लढाई शोधू नका, तिने केलीच नाही. पोर्ट्समथला 'व्हर्नन' नावाची टॉर्पेडो शाळा होती, तिच्या दिमतीला ही हरकामी बोट. पोरं आली की घेऊन जा, टॉर्पेडो सोड, परत ये. पुढे 'लाइटनिंग' नावही गेलं, 'टॉर्पेडो बोट क्रमांक १' झाली आणि १८९६ मध्ये मोडीत निघाली.

मला या बोटीचा लळा आहे, त्याला कारण आहे. मी जामनगरच्या 'वलसुरा' या नौदलाच्या शाळेत वीजकाम शिकलो. ती १९४२ मध्ये उघडली ती टॉर्पेडो शाळा म्हणून. टॉर्पेडोचा आणि विजेचा काय संबंध, असं आम्ही विचारायचो. व्हर्ननमध्येही तेच होतं. पाणसुरुंग विजेने उडवायचे, म्हणून जहाजावरची वीज टॉर्पेडोवाल्यांच्या गळ्यात पडली. शाळेच्या बोटीला किती शिव्या खाव्या लागतात, ते शिकाऊ पोरांनाच ठाऊक.

पाणबुड्या
काका, पाटीवर 'जगातली पहिली' असं मात्र येऊ देऊ नका. नॉर्वेची 'राप' १८७३ची आणि तीही थॉर्निक्रॉफ्टचीच. होर्टेनच्या नौदल संग्रहालयात आजही आहे. आणि लढाईच म्हणाल, तर जानेवारी १८७८ मध्ये काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदरात माकारोव्ह या रशियन नौदल अधिकाऱ्याच्या होड्यांनी 'इंतिबाह' हे तुर्की जहाज व्हाइटहेड टॉर्पेडोने बुडवलं. लाइटनिंग तेव्हा शाळेतच होती :)

जुना विजेवाला
बरोबर. पण रापला व्हाइटहेडचा, म्हणजे स्वतःच्या दाबाच्या हवेवर पळणारा टॉर्पेडो १८७९ मध्ये मिळाला. लाइटनिंग बांधलीच त्याच्यासाठी. 'ब्रिटिश नौदलाची पहिली' लिहा, भांडण मिटेल. मुंबईकरांना आणखी एक: १८८० च्या दशकाअखेर हिंदुस्थानासाठी सात टॉर्पेडो बोटी बांधल्या, त्यातल्या एकीचं नाव 'महराटा'. पुढचं मॉडेल तेच घ्या.

खटपट्या, डोंबिवली
आधी ही पुरी होऊ द्या काका! १८७९ची ठरली. १४ इंची टॉर्पेडो या मापात साडेसात मिलिमीटरच्या आसपास येतो, मुलीच्या जुन्या बॉलपेनची नळी अगदी बसली. पाटीवर बोटीचं नाव आणि खाली 'व्हर्नन शाळा, पोर्ट्समथ'. ढकलगाड्यांची चाकं कशाची करू, ते सुचवा. घड्याळाचे दातेरी चक्र घासून पाहिलं, पण दात दिसतायत.