‘टियर’ला मराठीत काय म्हणावं : स्तर, पायरी की थर?

(शिक्षकांमधली चर्चा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी गावाचं नाव दिलंय.)

कोरेगाव : आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांवर बोलायचं आहे. अमेरिकेतल्या शाळांत ‘मल्टि-टियर्ड सपोर्ट’ नावाची पद्धत आहे, तिची ओळख करून देणार आहे. तिच्यात मुलांना द्यायची मदत तीन ‘टियर’मध्ये मांडलेली असते. ‘उपचारात्मक अध्यापनाचे तीन स्तर’ असा मथळा केलाय. एका सरांना तो खटकला, का ते त्यांनाही सांगता येईना. चालेल का?

फलटण : खटकणारच. आपल्याकडे ‘स्तर’ आधीच मुलाला चिकटलाय. वाचनाची अध्ययन स्तर निश्चिती केली की तक्त्यात प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे रकाने आणि प्रत्येक नावापुढे खूण. ‘ही अजून शब्द स्तरावर आहे’ असं आपण सर्रास बोलतो. त्यामुळे ‘तिसरा स्तर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार, पोरगं बरंच पुढे आलंय. तिथे तर तिसरा टियर म्हणजे सगळ्यात जास्त मदत!

शिवाय टियर मुलाचा नसतो, मदतीचा असतो. एकाच मुलीला वाचनासाठी दुसऱ्या टियरची मदत लागेल आणि गणितात वर्गातलं शिकवणं पुरेल. पहिला टियर म्हणजे सगळ्यांसाठी वर्गातलं नीट शिकवणं आणि वर्षातून साधारण तीनदा सगळ्यांची छोटी चाचणी. तेवढ्यानं ज्यांचं भागत नाही त्यांना लहान गटात, आठवड्यातून काही दिवस, नेमक्या अडलेल्या गोष्टीवर सराव. त्यानंही हललं नाही तर तिसरा, जवळजवळ एकेकट्याला. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या टियरच्या मदतीवर भागणाऱ्या मुलांचं ८०, १५ आणि ५ टक्के असं प्रमाण सांगतात, पण तो ढोबळ आडाखा आहे. आपल्या पटावर तो तसाच बसवू नका. पहिल्या टियरमध्येच निम्मा वर्ग अडला असेल, तर दोष शिकवण्यात शोधायचा असतो.

दहिवडी : मग ‘पायरी’?

फलटण : ‘आपली पायरी ओळखून राहा’ हे ऐकत मोठे झालेल्या पालकांसमोर? नको.

कराड : माझं मत ‘थर’. दहीहंडीत वरचा थर चढला म्हणून खालचा निघून जात नाही. इथेही तेच आहे. दुसरी मदत पहिलीच्या जागी येत नाही, तिच्यावर चढते. ‘टप्पा’ म्हटलं की पहिला संपला, दुसरा लागला असं वाटतं. आणि मग लहान गटातल्या मुलांना नेमकं भाषेच्या तासाला उठवून नेतात. गटात अक्षरं गिरवायची आणि तिकडे वर्गातला धडा बुडवायचा, मग मिळवलं काय?

दहिवडी : थर धुळीचाही असतो, सर.

कराड : सायीचापण असतो की.

वाई : ‘उपचारात्मक’वर कुणीच बोललं नाही. मूळ ‘उपचार’ म्हणजे सेवा. षोडशोपचार पूजा म्हणतो, त्यात औषध कुठे असतं? पण आजच्या कानाला ‘उपचार’ दवाखान्यातलाच वाटतो, त्यात शेजारी ‘नैदानिक चाचणी’ (मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधणारी) बसली की पोराला रोगी ठरवल्यासारखं होतं. हे भाषेपुरतं नाही. अमेरिकेत पूर्वी बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष प्रगती यांतली दरी पुरेशी रुंदावली की मगच अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) धरत. म्हणजे मूल नापास होईपर्यंत थांबा. २००४ मध्ये कायदा बदलला आणि दिलेल्या मदतीला मूल कसा प्रतिसाद देतं, हे पाहायची मुभा मिळाली. म्हणजे आधी मदत, शिक्का नंतर आणि तोही लागलाच तर. आपल्याकडे विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण वाचनात मागे असलेलं प्रत्येक मूल त्यात बसत नाही. ऊसतोडीवर आईबापाबरोबर गेलेल्या मुलाचे महिने बुडालेले असतात, त्याला अक्षमता काय म्हणायचं?

माझ्या मते साधं ‘जादा तास’ म्हणा. आपल्याकडे जादा तास शिष्यवृत्तीला बसलेल्या हुशार पोरांचेही असतात, त्यामुळे त्याची लाज नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमातही मुलाची कुवत पाहून लागेल तसं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच सांगितलंय.

दहिवडी : पण जादा तास शाळा सुटल्यावर. आमच्याकडे पोरं एसटीनं येतात.

वाई : बरोबर, म्हणून वेळापत्रकातच धरायचा. सगळ्या वर्गाचा सरावाचा तास एकाच वेळी ठेवा, म्हणजे कुणाचा धडा बुडणार नाही.

कोरेगाव : मथळा बदलला : ‘जादा मदतीचे तीन थर’. पहिल्या थराला ‘जादा’ म्हणता येणार नाही, हे आत्ताच लक्षात आलं. ‘मदतीचे तीन थर’ ठेवते. ‘उपचारात्मक’ मात्र अहवालात लिहावंच लागेल, रकाना छापील आहे.